सप्टेंबरची पैज

दरवर्षी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मामाचा मेसेज येतो. कधी नुसता आकडा, कधी ग्राफचा फोटो आणि त्यावर लाल पेनानं गोल केलेले दोन ठिपके, खाली एकच प्रश्न, "काय मग?" तब्येत कशी आहे, काय चाललंय, काही नाही. आम्हा दोघांसाठी सप्टेंबर म्हणजे आर्क्टिकचं बर्फ, आणि याला जबाबदार मीच आहे कारण पैज मी लावली होती.

तर २०१२. त्या वर्षी मला ध्रुवावरच्या बर्फाचं वेड लागलं होतं, वेड म्हणजे अक्षरशः वेड, सकाळी उठल्यावर आधी तो रोज अपडेट होणारा ग्राफ उघडायचा, रात्रीत रेष किती खाली सरकली ते बघायचं आणि मग दात घासायचे. आर्क्टिक समुद्रावर तरंगणारं बर्फ मार्चमध्ये सगळ्यात जास्त असतं, दीड कोटी चौरस किलोमीटरच्या आसपास, मग ते वितळत वितळत सप्टेंबरच्या मध्यावर तळाला जातं आणि पुन्हा गोठायला लागतं. सॅटेलाइटनं नीट मोजायला सुरुवात झाली त्या १९७९ मध्ये हा तळ ७० लाखांच्या आसपास होता. २००७ मध्ये तो एकदम ४२ लाखांपर्यंत घसरला आणि भल्याभल्यांची झोप उडाली. आणि २०१२ च्या ऑगस्टमध्ये एक दांडगं वादळ आर्क्टिक घुसळून गेलं, रेष २००७ च्याही खाली गेली, आता थांबेल मग थांबेल करता करता ३४ लाखांवर जाऊन टेकली. ते रेकॉर्ड आजही तसंच आहे. हे लक्षात ठेवा, मामा मला ते कधी विसरू देत नाही.

त्याच सुमारास केंब्रिजचे पीटर वॉडम्स, ज्यांनी पाणबुड्यांतून आर्क्टिकच्या बर्फाची जाडी मोजण्यात आयुष्य घालवलं, ते म्हणाले की २०१५-१६ पर्यंत उन्हाळ्यातलं बर्फ संपेल. त्याआधी २००९ च्या डिसेंबरमध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर म्हणालेच होते की पाच ते सात वर्षांत उन्हाळ्याचे काही महिने ध्रुवावर बर्फच नसण्याची शक्यता ७५ टक्के आहे. मला काय, कोलीतच मिळालं. घरातले सगळे जमले होते, मामाही होता आणि मी सगळ्यांसमोर जाहीर केलं की २०१६ च्या सप्टेंबरमध्ये आर्क्टिकवर बर्फ उरणार नाही, लिहून घ्या. मामानं खरंच लिहून घेतलं. पैशाची पैज नव्हती, हरणाऱ्यानं सगळ्यांसमोर उभं राहून "मी चुकले" किंवा "मी चुकलो" म्हणायचं, एवढंच. आता वाटतं पैसे लावले असते तर स्वस्तात सुटले असते.

मामाबद्दल थोडं सांगायला पाहिजे. त्याचं सगळं आयुष्य इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये गेलं, कारखान्यांत तापमान, दाब, प्रवाह मोजणारी मीटर बसवायची आणि ती बिघडली की दुरुस्त करायची. त्याचं एक ठरलेलं वाक्य आहे, "मीटर खोटं बोलतो, हे मी पस्तीस वर्षं बघितलंय." त्यामुळे पृथ्वी तापतेय म्हटलं की त्याचा पहिला प्रश्न, मोजलं कशानं? तो काही तेल कंपन्यांचा माणूस नाहीये. उगाच षड्यंत्र वगैरेही म्हणत नाही. त्याला फक्त कुणी ठामपणे बोललेलं सहन होत नाही आणि दुर्दैवानं मी ठामपणेच बोलते.

२०१३ चा सप्टेंबर आला आणि बर्फ ५१ लाखांवर थांबलं. म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा दीडपट! ब्रिटनमधल्या एका पेपरात तर एका वर्षात बर्फ ६० टक्के वाढलं, आता जग थंड होतंय असा मथळा आला. मामानं तो पाठवला. त्याच्यासोबत ग्राफ, त्यात २०१२ चा ठिपका आणि २०१३ चा ठिपका, दोन्हीभोवती लाल गोल. काय मग?

मी काय उत्तर दिलं ते आठवलं की आजही लाज वाटते, मी म्हटलं हा डेटाच चुकीचा असेल. म्हणजे मामाचीच लाइन मी चोरली. खरं तर उत्तर फार सोपं होतं. एखाद्या बॅट्समननं एका डावात त्रिशतक ठोकलं की पुढच्या डावात तो त्यापेक्षा कमीच करणार, त्याचा अर्थ त्याचा खेळ उतरला असा होत नाही. २०१२ हे टोकाचं वर्ष होतं, वादळ होतं, वारे तसे होते. २०१३ ला हवा थंड आणि ढगाळ राहिली. २०१३ चे ५१ लाखसुद्धा १९७९ पासूनच्या यादीत त्या वेळी सगळ्यात खालच्या सहा-सात वर्षांतच बसत होते. पण हे मी बोलू शकले नाही, कारण आदल्या वर्षी मीच एका वर्षाच्या आकड्यावर उड्या मारल्या होत्या. शितावरून भाताची परीक्षा करायची सवय मीच लावली आणि मामानं दुसरं शीत उचलून दाखवलं.

वर त्याच डिसेंबरात ते रशियन जहाज, 'अकॅडेमिक शोकाल्स्की', अंटार्क्टिकाजवळ बर्फात अडकलं. जहाजावर शास्त्रज्ञ होते, प्रवासी होते, शंभर वर्षांपूर्वीच्या मॉसन या ध्रुवप्रवाशाच्या मोहिमेच्या वाटेनं जाऊन तिथं काय बदललंय ते बघायला निघालेले. त्यांना सोडवायला गेलेल्या चिनी आइसब्रेकरनं, म्हणजे बर्फ फोडत जाणाऱ्या जहाजानं, हेलिकॉप्टर पाठवून ५२ जणांना बाहेर काढलं आणि मग तो स्वतःच अडकला. जगभर काय हशा पिकला होता, ग्लोबल वॉर्मिंग शोधायला गेले आणि बर्फात रुतले! मामा तर आठवडाभर खूश होता. जुनं जाड बर्फ मोकळं होऊन वाऱ्यानं जहाजाभोवती येऊन दाटलं होतं, म्हणजे ती वाऱ्याची करामत होती, जगाच्या तापमानाशी त्या आठवड्याचा संबंध नव्हता, पण विनोदाला कुणी स्पष्टीकरण देत बसलं की तो अजूनच रंगतो. मी गप्प बसले.

गप्प बसल्यावर माणूस वाचायला लागतो. तोपर्यंत मी ग्राफ बघत होते, ग्राफ कशाचा आहे हे मात्र कधी बघितलंच नव्हतं. आपल्याला वाटतं सॅटेलाइट फोटो काढतो आणि पांढरं पांढरं मोजतो. तसं नाहीये. ध्रुवावर अर्धं वर्ष अंधार आणि उरलेलं अर्धं वर्ष ढग, फोटो काय कामाचा? बर्फ आणि समुद्राचं पाणी दोन्ही आपापल्या परीनं मायक्रोवेव्ह बाहेर टाकत असतात, बर्फ जास्त, पाणी कमी, आणि सॅटेलाइटवरचा सेन्सर ते टिपतो, अंधारातून, ढगांतून. समुद्र साधारण २५ किलोमीटरच्या चौकोनांत वाटलेला असतो. ज्या चौकोनात १५ टक्क्यांहून जास्त बर्फ तो अख्खा चौकोन बर्फाचा म्हणून मोजायचा. हो, १५ टक्के! म्हणजे तुकडे विखरून सगळीकडे पसरले की आकडा फुगतो आणि वाऱ्यानं तेच तुकडे एका कोपऱ्यात दाबले की आकडा पडतो, बर्फ तेवढंच. शिवाय उन्हाळ्यात बर्फावर वितळलेल्या पाण्याची डबकी साचतात, सेन्सरला ती समुद्रासारखीच दिसतात. हे सगळं मामाला सांगितलं तेव्हा तो इतका खूश झाला की मला शंका आली मी कुणाच्या बाजूनं बोलतेय.

मग त्यानं त्याच्या पोतडीतून २००९ काढलं. त्या वर्षी जानेवारीपासून अमेरिकेच्या एका सॅटेलाइटचा सेन्सर हळूहळू भरकटत गेला आणि कोलोराडोतलं नॅशनल स्नो अँड आइस डेटा सेंटर रोज बर्फ कमी दाखवत राहिलं, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरची चूक झाली होती. वाचकांनी कळवलं की अहो हा आकडा विचित्र दिसतोय. सेंटरनं तपासलं, चूक मान्य केली, दुसऱ्या सेन्सरचा डेटा घेऊन दुरुस्तही केलं. मामाच्या लेखी हा पुरावा की मीटर खोटं बोलतो. मला मात्र त्यात दुसरंच दिसलं, मी म्हटलं मामा, तू पस्तीस वर्षं जे काम केलंस तेच केलं की रे त्यांनी, बिघडलं, सापडलं, दुरुस्त केलं, आणि लोकांना सांगितलंसुद्धा. तू तुझ्या साहेबाला दर वेळी सांगायचास का? यावर तो हसला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "सगळं नाही सांगायचो."

पाणबुडीची गंमत तर मला फार आवडते. या वादात एक फोटो हमखास येतो, १९८७ च्या मे महिन्यात उत्तर ध्रुवावर तीन पाणबुड्या वर आलेल्या, दोन अमेरिकन, एक ब्रिटिश. बघा, तेव्हाही ध्रुवावर पाणी होतं, मग आत्ताच काय बोंब मारताय? आणि १९५९ च्या मार्चमध्ये 'स्केट' नावाची अमेरिकन पाणबुडी ध्रुवावर बर्फ फोडून वर आली होती, ह्यूबर्ट विल्किन्स या जुन्या ध्रुवप्रवाशाची रक्षा तिथं विखुरली होती, हेही खरंच आहे. मामानं दोन्ही पाठवलं होतं. पण हे एका बाजूचंच झालं. २००० च्या ऑगस्टमध्ये एका रशियन आइसब्रेकरवरून ध्रुवापर्यंत गेलेल्या शास्त्रज्ञांना तिथं बर्फाऐवजी मोकळं पाणी दिसलं आणि न्यूयॉर्क टाइम्सनं पहिल्या पानावर छापलं की असं पाणी कोट्यवधी वर्षांत नव्हतं. दहा दिवसांत त्यांना खुलासा छापावा लागला. कारण आर्क्टिकचं बर्फ म्हणजे काही सिमेंटचा स्लॅब नव्हे, ते वाऱ्यानं सरकतं, ताणलं जातं, फाटतं, मैलोन्मैल भेगा पडतात आणि त्या पुन्हा गोठतात. ध्रुवावर अशी भेग १९५९ मध्येही असू शकते, २००० मध्येही असू शकते. एकाच भेगेकडे बोट दाखवून एक म्हणतो सगळं संपलं आणि दुसरा म्हणतो काही झालेलंच नाही.

आणि खरी मजा पुढेच आहे. या पाणबुड्या बर्फाखालून जाताना काय करायच्या, तर वरच्या दिशेला सोनार मारत राहायच्या, म्हणजे आवाज सोडायचा आणि प्रतिध्वनीवरून अंतर मोजायचं, डोक्यावर बर्फ किती खोल लोंबतंय ते कळावं म्हणून, नाहीतर वर कुठून येणार? शीतयुद्धात हे आकडे गुप्त होते. नंतर मोकळे झाले, तेव्हा १९५८ ते १९७६ मधले आणि नव्वदच्या दशकातले आकडे शेजारी शेजारी ठेवून बघितले गेले. उन्हाळ्याच्या शेवटी पाण्याखाली असलेल्या बर्फाची सरासरी खोली ३.१ मीटरवरून १.८ मीटरवर आली होती. जवळजवळ ४० टक्के. हे १९९९ मध्येच प्रसिद्ध झालं. म्हणजे ज्या पाणबुड्यांचा फोटो 'काही झालेलं नाही' म्हणून फिरतो तशाच पाणबुड्यांच्या सोनारनं बर्फ पातळ होत चाललंय हे आधी पकडलं. हे मामाला सांगितल्यावर त्यानं फोटो पाठवणं बंद केलं. मान्य वगैरे काही केलं नाही, फक्त बंद केलं, आणि मला त्याच्यात तेच आवडतं.

जाडी. मी इतकी वर्षं क्षेत्रफळ बघत होते आणि गोष्ट जाडीत होती. समुद्राचं पाणी उणे १.८ अंशाला गोठतं, गोठताना मीठ बाहेर टाकतं, पहिल्या हिवाळ्यात दीड-दोन मीटरचा थर होतो. तो पुढच्या उन्हाळ्यातून वाचला तर दुसऱ्या हिवाळ्यात आणखी जाड होतो, उरलंसुरलं मीठ खाली गळून जातं, तुकडे एकमेकांवर चढतात आणि तीन-चार मीटरचं टणक बर्फ तयार होतं, इतकं गोडं की वितळवून पिता येतं. हे म्हातारं बर्फ आर्क्टिकचा कणा होता. १९८५ च्या मार्चमध्ये तिथल्या बर्फातलं जवळपास तिसरा हिस्सा चार वर्षांहून जुनं होतं. हल्ली ते पाच टक्क्यांच्याही आत असतं. बाकीचं सगळं याच वर्षीचं नाहीतर फार तर दोन-तीन वर्षांचं, हिवाळ्यात पसरून झकास पांढरं दिसणारं आणि उन्हाळ्यात लगेच हाय खाणारं.

नॉर्वेच्या नान्सेननं १८९३ मध्ये 'फ्राम' नावाचं जहाज मुद्दाम सायबेरियाच्या उत्तरेला बर्फात गोठू दिलं होतं, बर्फच आपल्याला ढकलत पलीकडे नेईल म्हणून. नेलंही, पण बाहेर पडायला जवळजवळ तीन वर्षं लागली. 'तारा' नावाच्या फ्रेंच शिडाच्या बोटीनं २००६ मध्ये तसाच प्रयोग केला, साधारण त्याच वाटेनं, तर ती ५०७ दिवसांत बाहेर. पातळ, तुटकं बर्फ वाऱ्यापुढं जास्त जोरात पळतं. मला हे दोन प्रवास कुठल्याही ग्राफपेक्षा जास्त कळतात. (मामाचं म्हणणं, दोन जहाजं म्हणजे पुन्हा दोनच ठिपके. बरोबर आहे त्याचं. पण मला आवडतात म्हणून सांगितलं.)

अंटार्क्टिका हा मामाचा हुकमाचा पत्ता होता. उत्तरेला कमी होतंय ना, मग दक्षिणेला का वाढतंय? आणि खरंच वाढत होतं. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये अंटार्क्टिकाभोवतीचं समुद्री बर्फ दोन कोटी चौरस किलोमीटरच्या वर गेलं, सॅटेलाइटच्या काळात पहिल्यांदाच. बहुतेक कॉम्प्युटर मॉडेल्स सांगत होती की तिथंही कमी व्हायला पाहिजे. हा मामाचा मुद्दा शंभर टक्के बरोबर होता आणि आमच्या बाजूचे लोक त्यावर जी उत्तरं द्यायचे, वारे बदलले, ओझोनच्या भोकामुळे, जमिनीवरचं बर्फ वितळून गोडं पाणी पसरलं म्हणून, ती ऐकताना मलाच वाटायचं की एका प्रश्नाची इतकी उत्तरं असतात तेव्हा नक्की उत्तर कुणाकडेच नसतं. दोन्ही ध्रुव मुळात वेगळे आहेत, उत्तरेला जमिनीनं वेढलेला समुद्र, दक्षिणेला समुद्रानं वेढलेली जमीन, तिथलं बहुतेक बर्फ दरवर्षी वितळून जातं आणि दरवर्षी नव्यानं बनतं, एवढं आठवीच्या पुस्तकातलं मी सांगायचे. मामा दोन्हीची बेरीज करून दाखवायचा, एकूण बर्फ तेवढंच! बेरीज त्या वर्षापुरती जवळपास जमतही होती, पण उजव्या पायाला सूज आणि डावा पाय वाळतोय आणि डॉक्टर म्हणतोय सरासरी उत्तम, अशातली गत.

आणि मग २०१६ च्या शेवटाला दक्षिणेचं बर्फ धाडकन कोसळलं. उत्तरेला चाळीस वर्षांत जेवढं गेलं तसलं काहीतरी तिथं दोन-तीन वर्षांत झालं. २०२३ च्या फेब्रुवारीत तिथला तळ १८ लाखांच्या खाली, आणि त्याच वर्षीच्या भर हिवाळ्यात, सप्टेंबरमध्ये, कमाल जेमतेम १ कोटी ७० लाख. २०१४ शी तुलना करा, ३० लाखांचा फरक, तोही हिवाळ्यात. त्याआधी २०२२ मध्येच बेलिंग्सहाउसेन समुद्राकाठच्या पाच एम्परर पेंग्विन वसाहतींपैकी चारांत पिल्लांना पिसं फुटायच्या आधीच पायाखालचं बर्फ फुटलं होतं. मी मामाला आकडा पाठवला आणि लिहिलं, काय मग? पाठवल्यावर लगेच वाईट वाटलं. कारण ते का कोसळलं हेही नीट कुणी सांगू शकत नव्हतं, समुद्राच्या आतली ऊब वर येतेय असं म्हणतात, त्यावर काम चालू आहे. न कळलेल्या वाढीवर मामा नाचला तर मी चिडायची, आणि न कळलेल्या घसरणीवर मी नाचले. मामानं उत्तर दिलं, "हे मॉडेलमध्ये होतं का?" नव्हतं.

पण पैजेचं राहिलं. २०१६ चा सप्टेंबर. आर्क्टिकचा तळ ४१ लाखांच्या आसपास. तसा तो तेव्हाच्या यादीत दुसऱ्या नंबरचा सगळ्यात कमी होता, जवळजवळ २००७ च्या बरोबरीनं, म्हणजे शास्त्राच्या दृष्टीनं भयंकरच वर्ष, पण मी काय म्हटलं होतं, बर्फ उरणार नाही. ४१ लाख उरलं होतं. माझ्याकडे पळवाटा तयार होत्या, बर्फमुक्त म्हणजे शून्य नसतं, १० लाखांच्या खाली गेलं की बर्फमुक्त म्हणतात वगैरे, पण ४१ आणि १० मध्ये फार अंतर असतं. उभी राहिले आणि म्हटलं, मी चुकले. मामानं टाळ्या वाजवल्या नाहीत. म्हणाला, "ह्या लोकांपैकी किती जण असं उभं राहून म्हणाले?"

हा प्रश्न मला अजून टोचतो. अल गोरनी ज्या शास्त्रज्ञाचं नाव घेतलं होतं ते माझलोव्स्की तेव्हाच म्हणाले होते की हा ७५ टक्क्यांचा आकडा कुठून आला मला ठाऊक नाही, आणि त्यांचा अंदाज 'जवळजवळ' बर्फमुक्त असा होता. अभ्यासातलं 'जवळजवळ' भाषणात गळालं, भाषणातलं 'शक्यता' बातमीत गळालं आणि बातमीतून माझ्या तोंडात येईपर्यंत ते 'लिहून घ्या' झालं. ध चा मा. यात खोटं असं कुणीच बोललं नाही, प्रत्येकानं एकेक शब्द गाळला. अस्वलाच्या त्या व्हिडिओचंही तेच. २०१७ मध्ये हाडं दिसणारं, पाय ओढत चाललेलं अस्वल जगभर बघितलं गेलं, आणि पुढच्या वर्षी नॅशनल जिओग्राफिकनंच कबूल केलं की त्या एका अस्वलाच्या अवस्थेचा संबंध थेट हवामानबदलाशी जोडणं जरा जास्तच झालं. ते बघून मी रडले होते, हे मामाला सांगितलेलं नाही. आणि तरंगतं बर्फ वितळलं की समुद्राची पातळी वाढते असं कितीजण अजून म्हणतात, अहो ते आधीच पाण्यात आहे, पातळी वाढते ती ग्रीनलंड-अंटार्क्टिकाच्या जमिनीवरच्या बर्फानं आणि पाणी तापून फुगतं त्यानं. अशा एकेका चुकीवर समोरच्याचं फावतं.

पण मग माझ्या चुकीनं बर्फाला काय फरक पडला? काहीच नाही. हेही मामाला सांगायला मला वेळ लागला. लांडगा आला रे म्हणून मी चार वर्षं आधी ओरडले म्हणून लांडगा नाहीच असं होत नाही ना. स्वीडनचा शास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यानं १८९६ मध्ये कागदावर हिशोब करून म्हटलं होतं की हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला तर ध्रुवांकडे तापमान जास्त चढेल. पुढे हवामानशास्त्रज्ञ मानाबेंच्या कॉम्प्युटर मॉडेल्सनी सत्तर-ऐंशीच्या दशकात हेच दाखवलं. ताजं बर्फ पडलेला पांढरा पृष्ठभाग ऐंशी टक्क्यांहून जास्त ऊन परत पाठवतो, काळा समुद्र जेमतेम सहा-सात टक्के, बाकी सगळं पिऊन टाकतो आणि ती ऊब पुढच्या हिवाळ्यापर्यंत साठवतो. १९७९ पासून आर्क्टिक बाकीच्या जगाच्या जवळपास चौपट वेगानं तापलंय. अलास्काच्या टोकाला उटकियाग्विक गाव आहे, त्याचं जुनं नाव बॅरो. २०१७ च्या डिसेंबरात शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की या गावाचे गेल्या वर्षभराचे तापमानाचे आकडे यादीतून गायबच आहेत. झालं असं की आकडे तपासणाऱ्या कॉम्प्युटरला ते इतके चढलेले दिसले की मीटर बिघडला असणार असं समजून त्यानंच ते बाजूला काढून ठेवले. मीटर ठीक होता. शरद ऋतूत किनाऱ्यालगत बर्फच नसायचं, उघडा समुद्र गावाला शेकत होता, या शतकात तिथला ऑक्टोबर आधीच्या दोन दशकांच्या मानानं ४ अंशांहून जास्त गरम झालाय.

ही गोष्ट ऐकून मामा पहिल्यांदाच बराच वेळ काही बोलला नाही. मीटर खरं सांगतोय आणि तपासणारा मानत नाहीये, हा प्रकार त्यानं पस्तीस वर्षांत बघितला असणारच.

आता सध्याचं सांगते, आणि ते माझ्या सोयीचं नाहीये. २०१२ नंतर तेरा सप्टेंबर गेले, रेकॉर्ड तुटलं नाही. २०२० मध्ये ३७ लाखांपर्यंत गेलं, तेवढंच. २००५ पासूनची वीस वर्षं बघितली तर सप्टेंबरच्या बर्फात ठळक अशी घट दाखवता येत नाही, २०२५ मधल्या एका अभ्यासात हे सरळ लिहिलंय. मामानं अर्थातच पाठवला. त्यात पुढे हेही लिहिलंय की मॉडेल्समध्ये असे थांबे येतात, समुद्र आणि वाऱ्यांचे स्वतःचे चढउतार काही काळ घट झाकून टाकतात, अजून पाच-दहा वर्षंही हे चालू शकतं आणि नंतर घट नेहमीपेक्षा वेगानं होऊ शकते. आधीची मी असते तर हा दुसरा भाग मोठ्यानं वाचून दाखवला असता आणि पहिला गिळला असता. या वेळी दोन्ही वाचले. मामा म्हणाला, "म्हणजे थांबलं तरी तुमचं बरोबर आणि पडलं तरी तुमचंच बरोबर?" उत्तर आहे माझ्याकडे, की १८५० पर्यंत मागे नेलेल्या नोंदींत, व्हेल मारणाऱ्यांच्या जहाजांच्या आणि जुन्या नकाशांच्या, इतकं कमी बर्फ कधीच सापडत नाही, की थांबा लागलाय तो तळमजल्यावर लागलाय, वरच्या मजल्यावर नाही. पण त्याचा प्रश्न वाईट नाहीये. काय झालं तर तू चुकलीस म्हणशील, हे आधी सांगता आलं पाहिजे, आणि ते सांगताना माझी जीभ अजून अडखळते.

एकदा मी त्याला दुसरा आकडा सांगितला होता. नोट्झ आणि स्ट्रोव्ह या दोन शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये हिशोब मांडला, एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला की सप्टेंबरचं तीन चौरस मीटर बर्फ जातं. मामाला हा आकडा एकदम पसंत पडला, कारण यात मीटर आहे, इनपुट आहे, आउटपुट आहे. "तीन चौरस मीटर म्हणजे एक पलंग," तो म्हणाला. मग कागद घेऊन बसला आणि आयुष्यभराचा हिशोब करायला लागला, कारखाने सोडून, फक्त स्वतःचा. मध्येच थांबला, कागदाची घडी घालून खिशात ठेवली. किती पलंग झाले ते मी विचारलं नाही.

आयपीसीसीचं, म्हणजे हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीचं, २०२१ चं म्हणणं असं की २०५० च्या आत निदान एकदा तरी सप्टेंबरात आर्क्टिक बर्फमुक्त होण्याचा संभव आहे, आपण उत्सर्जन कमी केलं तरीही. मी मामाला म्हटलं, चल, नवी पैज. तर म्हणाला, २०५० ला हरलो तर उभं राहून सांगायला मी असायला नको का, तू आपली दुसरा कुणी बघ.

२०२५ च्या मार्चमध्ये हिवाळ्यातली कमाल १ कोटी ४३ लाखांवर थांबली, सॅटेलाइटच्या काळातली तोपर्यंतची सगळ्यात कमी. तेव्हा मी काही पाठवलं नाही. सप्टेंबरमध्ये तळ आला ४६ लाखांवर, यादीत दहाव्या नंबरच्या आसपास, काही विशेष नाही. तिसऱ्या आठवड्यात मेसेज आला. ग्राफ नव्हता, लाल गोल नव्हते, 'काय मग' सुद्धा नव्हतं.

"४६. जाडीचा आकडा आला की कळव."